हिमरूचा नक्शा आणि मोबाइलचा पडदा

२०२३ मध्ये आमच्या शहराचे नाव बदलले. त्या वादावर भरपूर लिहून झाले आहे, आज मला त्यात पडायचे नाही. आज एका लहानशा गोष्टीवर लिहायचे आहे. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये शहर निवडायची चौकट होती. तिच्यात पूर्वी 'औरंगाबाद' ऐसपैस बसायचे. नवे नाव आले तेव्हा त्याच चौकटीत 'छत्रपती सं' एवढेच मावले आणि पुढे तीन टिंबे आली. वर्गातल्या एका मुलाने ते पाहून विचारले, "मॅडम, मोबाइलला आपल्या शहराचं नाव पूर्ण लिहिता येत नाही का?" वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. ज्यांना नवे नाव हवे होते त्यांनाही ते अर्धेच दिसत होते आणि ज्यांना जुने हवे होते त्यांनाही. चौकट आखणाऱ्याने दोघांपैकी कोणालाच विचारलेले नव्हते. चौकट आखताना त्याच्यासमोर बहुधा एखादे आटोपशीर इंग्रजी नाव असावे.

दुसरा अनुभव उर्दूचा. शाळेच्या कार्यक्रमासाठी एक बॅनर छापायला दिला होता. मजकूर मी स्वतः टाइप करून पाठवला, दोनदा तपासला. बॅनर आला तेव्हा उर्दूची सगळी अक्षरे एकमेकांपासून सुटलेली होती आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाण्याऐवजी उलटी लागली होती. मराठीत सांगायचे तर 'कमळ' हा शब्द कोणी 'ळ म क' असा सुटा सुटा छापावा, तसे. ज्याला उर्दू वाचता येत नाही त्याला यात काहीच खटकणार नाही, त्याच्या दृष्टीने ती नक्षीच. दुकानातल्या मुलाला दोष तरी काय द्यायचा? त्याच्या सॉफ्टवेअरने त्याला जे दाखवले तेच त्याने छापले.

या दोन्ही घटनांत भाषा चुकली नव्हती, शुद्धलेखन चुकले नव्हते. चुकले ते पाहणे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसणार आहे, ते तयार होण्याआधी योग्य माणसाने पाहिलेच नव्हते.

ॲप बनवताना पडदा कसा दिसेल हे आधी रेखाटून पाहता यावे, बटन बोटाने उचलून इकडून तिकडे ठेवता यावे, अक्षर मोठे-लहान करून बघता यावे, यासाठी काही साधने असतात. त्यांना दृश्य डिझाइनची साधने म्हणतात. अनेकांना ती चैन वाटते, रंगरंगोटीची सोय वाटते. प्रोग्रामर मंडळींतही 'खरे काम कोडमध्ये असते' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे उलटे आहे. इंग्रजीला ही साधने सोय असतील, पण मराठी आणि उर्दूसारख्या भाषांना ती गरज आहे. आणि या म्हणण्याचा पुरावा मला संगणकाच्या पुस्तकाआधी माझ्या शहराच्या इतिहासात सापडतो.

माग चालण्याआधी

हिमरू हे आमच्या शहराचे कापड. सूत आणि रेशीम मिळून विणलेले, किमखाबासारखे दिसणारे पण त्यापेक्षा स्वस्त. हे नावच 'सारखा' या अर्थाच्या फारसी शब्दावरून आले असे मानतात. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या लोकांबरोबर विणकरही आले आणि ही कला इथे रुजली, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. पुढे मुघलांच्या काळात आणि निजामाच्या राज्यात ती वाढली. आज हिमरूचे मोजकेच माग उरले आहेत.

हिमरूवरची बुट्टी, वेल, पान विणकराच्या हाताला सहज येते असे पाहणाऱ्याला वाटते. तसे नसते. आधी नक्शा काढावा लागतो. तो चौकटीच्या कागदावर उतरवतात. एक चौकट म्हणजे धाग्यांची एक गाठभेट. कोणत्या ओळीत कोणता धागा वर उचलायचा, हे त्या चौकटी सांगतात. त्यावरून दोऱ्यांचा 'जाला' बांधतात. जुन्या पद्धतीत एक जण मागाच्या वर बसून जाल्याचे दोरे क्रमाने ओढायचा आणि खाली बसलेला विणकर धोटा फेकायचा. वर बसलेल्याला कापडाशी देणेघेणे नसे, तो फक्त दोरे ओढी. आजच्या भाषेत बोलायचे तर जाला म्हणजे कोड आणि वरचा माणूस म्हणजे ते कोड चालवणारे यंत्र.

आता हिशेब पाहा. नक्शात चूक सापडली तर कागद वाया जातो. जाल्यात सापडली तर बांधलेले दोरे सोडून पुन्हा बांधावे लागतात, कित्येक दिवस वाया जातात. आणि चूक कापडावर आल्यावर सापडली तर रेशीम गेले, मजुरी गेली, गिऱ्हाईकही गेले. म्हणून कारागीर नक्शावर वेळ घालवतो. नक्शा हा त्याच्या कामाचा शृंगार नसतो, चूक स्वस्तात पकडण्याची ती जागा असते.

नक्शाचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जाला वाचता येणारे थोडे, पण नक्शा सगळ्यांना दिसतो. गिऱ्हाईकाला दिसतो, व्यापाऱ्याला दिसतो, घरातल्या बाईला दिसतो. 'हे पान जरा बारीक करा' असे ती म्हणू शकते. दोऱ्यांच्या गुंत्याकडे बोट दाखवून तिला ते कधीच म्हणता आले नसते.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने मागाला भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे जोडली. दोरे ओढणारा माणूस गेला, त्याच्या जागी कार्डे आली. जिथे भोक तिथे धागा वर, जिथे नाही तिथे खाली. ही कार्डे पाहूनच चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची योजना आखली. जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र त्यांनी मिळवले होते, त्याला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी कार्डांवरच गणती केली आणि पुढे संगणकालाही अनेक दशके कार्डांनीच आज्ञा दिल्या गेल्या. म्हणजे आजच्या संगणकाच्या वंशावळीत एक माग आहे. पण लक्षात ठेवायची गोष्ट ही की कार्डे आली तरी नक्शा गेला नाही. भोके कुठे पाडायची हे चौकटीच्या कागदावरूनच ठरत राहिले.

संगणकाने मागाकडून कार्डे घेतली. नक्शा घ्यायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

दगडावरची उर्दू, शिशाची उर्दू

माझ्या दुसऱ्या विषयाकडे, उर्दूकडे येते. उर्दू नस्तालिक लिपीत लिहितात. या लिपीत शब्द सरळ ओळीवर बसत नाही. तो वरून सुरू होतो आणि तिरपा खाली उतरतो. पहिले अक्षर किती उंचीवर ठेवायचे, हे त्याच्यामागे किती अक्षरे येणार त्यावर ठरते. शिवाय एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते. हे सगळे मोजण्यासाठी खत्तातांनी कलमाच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका प्रमाण मानला. त्याला 'कत' म्हणतात. कोणत्या अक्षराची उंची किती कत, पोट किती कत, हे ठरलेले. शागिर्द लिहायचा आणि उस्ताद त्याच कागदावर दुरुस्ती करून दाखवायचा. म्हणजे इथेही मोजपट्टी आहे, नमुना आहे आणि डोळ्यांसमोर होणारी दुरुस्ती आहे.

छापखाना आला तेव्हा या लिपीची पंचाईत झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्स यांनी नस्तालिकचे खिळे पाडले होते, पण सुटे खिळे ओळीत बसवून ती तिरपी चाल साधणे फार अवघड. एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आल्यावर उर्दूने तिकडेच धाव घेतली. कातिब खास शाईने कागदावर लिहायचा, ते लेखन दगडावर उतरायचे आणि दगडावरून छापले जायचे. दगडावरच्या चुका उलट्या अक्षरांत दुरुस्त करणारा वेगळा कारागीर असे, त्याला 'संगसाज' म्हणत. १८५८ मध्ये लखनऊला सुरू झालेल्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने या पद्धतीवर हजारो पुस्तके काढली. लोक म्हणतात उर्दू मागे राहिली, तिने आधुनिक टाइप स्वीकारला नाही. मला वाटते उर्दूने एक साधा हिशेब केला होता. ज्या पद्धतीत लिहिणाऱ्याला आपले पान दिसते, ती तिने निवडली.

या गोष्टीत आमच्या शहराचाही वाटा आहे. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिवपद १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आले. त्यांची नोकरी इथे, निजामाच्या शिक्षण खात्यात. त्यामुळे अंजुमनचे कार्यालयही औरंगाबादेत आले आणि सुमारे पंचवीस वर्षे उर्दूचा मोठा संसार आमच्या गावातून चालला. १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक इथून निघाले. १९३७ मध्ये अंजुमनने मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रकाशित केला. पुढे अंजुमन दिल्लीला गेली.

त्या शब्दकोशाच्या पानाचा विचार करा. इंग्रजी शब्द डावीकडून उजवीकडे, त्याचा उर्दू अर्थ उजवीकडून डावीकडे. दोन दिशा एकाच ओळीत. स्वल्पविराम कोणत्या बाजूला? अर्थ संपला आणि ओळ मोडली तर नवी ओळ कुठून सुरू? हे प्रश्न जुळारी आणि संपादकाने पानाचा कच्चा उतारा समोर ठेवूनच सोडवले असतील, दुसरा मार्गच नव्हता. आज दोन भाषांचे ॲप बनवणाऱ्या मुलापुढे नेमके हेच प्रश्न येतात. फरक इतकाच की अनेकदा त्याच्यासमोर कच्चा उतारा नसतो, फक्त कोडच्या ओळी असतात.

हैदराबाद संस्थानातही नस्तालिकचा टाइप बनवण्याचे प्रयत्न झाले, पण ते रोजच्या छपाईत टिकले नाहीत. गाठ सुटली ती फार उशिरा. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी सुटे अक्षर सोडून जोडाकृती हे एकक धरले. उर्दूत तिला 'तरसीमा' म्हणतात. अशा हजारो आकृती त्यांनी लिहिल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या मदतीने त्या संगणकात उतरवल्या. हेच 'नूरी नस्तालिक'. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' या अक्षरात निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' आणले आणि पाहता पाहता भारत-पाकिस्तानातल्या उर्दू वर्तमानपत्रांची टेबले बदलली.

इनपेज इतके का चालले? त्यात कीबोर्डवर हात चालवला की पडद्यावर तेच नस्तालिक दिसायचे जे कागदावर येणार होते. ज्याला कोडचे ओ की ठो कळत नव्हते, त्यालाही आपले पान समोर दिसत होते आणि दिसत होते म्हणून दुरुस्त करता येत होते. अर्थात याची किंमतही मोजावी लागली. कातिबांची एक पिढी बेकार झाली. त्यांच्यातल्या ज्यांनी संगणक शिकून घेतला त्यांचा डोळा कामी आला, बाकीच्यांचा डोळा त्यांच्याबरोबर गेला. आज उर्दूच्या एखाद्या पाटीवर ठिपके चुकीच्या जागी दिसले की मला त्या गेलेल्या डोळ्याची आठवण होते.

पडद्यावर रेष ओढणारा माणूस

संगणकाने नक्शा केव्हा घेतला? १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' बनवले. प्रकाशाच्या पेनने थेट पडद्यावर रेष ओढायची आणि ती रेष संगणकाने समजून घ्यायची. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर पान जसे छापले जाणार तसेच दिसे. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने ही पद्धत घराघरांत नेली. १९८८ मध्ये नेक्स्ट संगणकावर 'इंटरफेस बिल्डर' आले, त्यात बटने आणि चौकटी माऊसने उचलून ठेवता येत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये वेबचा पहिला ब्राउझर याच संगणकावर लिहिला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल बेसिक' आले आणि लाखो लोक, ज्यात हिशेबनीस होते, शिक्षक होते, दुकानदार होते, स्वतःपुरते प्रोग्राम बनवू लागले.

पण विंडोजमध्ये देवनागरी अंगभूत आली ती विंडोज २००० मध्ये, 'मंगल' या फॉन्टसह. तो घडवला कोल्हापूरकडच्या र. कृ. जोशी यांनी. हे सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रातले शिक्षक. म्हणजे बटन उचलून ठेवण्याची सोय जगाला मिळाली तेव्हा जवळपास दहा वर्षे त्या बटनावर सरळ मराठी लिहिताच येत नव्हते. आपल्याकडे तोवर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, श्री-लिपीसारखी सॉफ्टवेअर यांवर छपाईचे काम निभावले. पुस्तके, वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका सुंदर निघाल्या. पण प्रोग्रामच्या खिडक्या, चौकटी, सूचना यांचे आकार दरम्यान इंग्रजीच्या मापाने ठरून गेले. पाहणारा डोळा इंग्रजीचा होता, म्हणून माप इंग्रजीचे झाले. यात कोणाचा कट नव्हता. जे समोर नव्हते त्यासाठी जागा ठेवली गेली नाही, इतकेच.

मोबाइलच्या बाबतीत तेच पुन्हा घडले. अँड्रॉइडमध्ये उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या पडद्याची अंगभूत सोय २०१२ मध्ये, ४.२ या आवृत्तीत आली. त्या बदलात एक शहाणपण आहे. तोवर प्रोग्रामर 'डावीकडून इतकी जागा सोड' असे लिहीत. आता 'सुरुवातीकडून' आणि 'शेवटाकडून' असे लिहिता येऊ लागले. मराठीत सुरुवात डावीकडे, उर्दूत उजवीकडे, आणि पडदा स्वतःच बाजू बदलतो. गूगलचा नोटो नस्तालिक उर्दू २०१४ मध्ये आला. आयफोनने २०१७ मध्ये उर्दूसाठी नस्तालिक घेतले. अनेक फोनांवर उर्दू अजूनही नस्ख वळणातच दिसते. मुले वाचतात, पण पुस्तकातले अक्षर आणि मोबाइलमधले अक्षर वेगळे का, हे विचारत राहतात.

साधने आहेत, फॉन्ट आहेत, सोयी आहेत. तरी नाव का तुटते? कारण डिझाइन करणारा आपल्या सुंदर साधनात नमुन्याचा मजकूर इंग्रजीच टाकतो. इंग्रजी अक्षर बसले की चौकट झाली. मग भाषांतर येते आणि 'र्की'मधला रफार चौकटीच्या वरच्या कडेला कापला जातो, 'तू'चा ऊकार खालून कापला जातो, नस्तालिकचा शब्द तर वरून-खालून दोन्हीकडून. नस्तालिकला दोन ओळींत जास्त अंतर लागते, हे कोणी सांगून समजत नाही. पाहिले की लगेच कळते.

कार्डशीटचा मोबाइल

माझी स्वतःची गोष्ट सांगते. लॉकडाऊनच्या काळात शाळा बंद होत्या. माझा एक जुना विद्यार्थी कॉम्प्युटर शिकून घरी बसला होता. आम्ही ठरवले की पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक छोटे ॲप बनवायचे. वर चित्र, एका बाजूला उर्दू शब्द, एका बाजूला मराठी शब्द. आमच्या मुलांची घरची बोली दखनी, शाळेची भाषा उर्दू आणि बाहेर मराठी. तिन्ही एका ठिकाणी भेटाव्यात असे मला वाटत होते.

तो कोड लिहायचा आणि मला फोटो पाठवायचा. मी फोनवर सांगायचे, "उर्दू जरा वर घे, कापलंय." तो आकडा बदलायचा. आता उर्दू वर गेले आणि चित्रावर चढले. "थोडं खाली." असे तीन आठवडे चालले. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदाच नीट सांगा, मी तसा कोड बदलतो." मी म्हटले, "अरे, मला आधी दिसू तर दे! दिसल्याशिवाय काय सांगू?"

त्या रात्री मी कार्डशीट घेतली आणि मोबाइलच्या आकाराचे तुकडे कापले. एकावर उर्दू पान लिहिले, एकावर मराठी, एकावर दोन्ही. शेजारची दुसरीतली मुलगी आली, तिच्यासमोर ठेवले. विचारले, "बेटा, पुढच्या पानावर जायचं तर बोट कुठे ठेवशील?" मराठी पानावर तिचे बोट उजवीकडे गेले, उर्दू पानावर न विचारता डावीकडे. आणि दोन्ही भाषांच्या पानावर तिचे बोट हवेतच थांबले. ती माझ्याकडे बघू लागली.

तीन आठवड्यांत जे कळले नव्हते ते त्या एका थांबलेल्या बोटाने कळले. आमच्या ॲपमध्ये 'पुढे'चा बाण सगळीकडे उजवीकडेच होता. म्हणजे उर्दू वाचणाऱ्या मुलाला आम्ही प्रत्येक पानावर मागे जायला सांगत होतो.

आम्ही दोन्ही भाषांची पाने वेगळी केली आणि प्रत्येकीला तिच्या दिशेचा बाण दिला. निर्बंध उठल्यावर तो लॅपटॉप घेऊन घरी आला. त्यात असे साधन होते की पडदा समोर दिसतो आणि तुकडे माऊसने उचलून ठेवता येतात. माझ्या हातात माऊस दिला. मी उर्दूची चौकट ओढून उंच केली, ओळींतले अंतर वाढवले. मराठीत 'दऱ्या' हा शब्द घालून पाहिला, कारण तो ऱ्या नीट बसला तर बाकी बसतेच. उर्दूत मुद्दाम लांब उतरणारे शब्द घातले. एका संध्याकाळी काम उरकले. मी कोडची एक ओळ लिहिली नाही. पण त्या दिवशी त्या ॲपवर पहिल्यांदा एका शिक्षिकेचा हात फिरला.

साधन आणि डोळा

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या त्या विद्यार्थ्याची तक्रार होती की माऊसने ओढून ठेवलेला पडदा एका फोनवर छान दिसतो आणि दुसऱ्यावर विस्कटतो. त्याचे बरोबर आहे. फोनचे आकार वेगवेगळे असतात, एखाद्या आजोबांनी अक्षर मोठे करून ठेवलेले असते. चित्र म्हणजे अंतिम पडदा नाही. म्हणून चांगली साधने 'इथे ठेव' यापेक्षा 'याच्या खाली, त्याच्या शेजारी, मजकूर वाढला तर वाढू दे' असे नाते नोंदवतात. हिमरूचा नक्शाही कापडाची लांबी सांगत नाही, धाग्यांचे नाते सांगतो. कापड हवे तेवढे विणावे.

चाचणीसाठी अँड्रॉइडमध्ये खोट्या भाषाही आहेत. एकीत इंग्रजी अक्षरांवर चिन्हे चढवून शब्द ताणलेले असतात, दुसरीत सगळे उलट्या दिशेने लागते. आपली भाषा न येणाऱ्या प्रोग्रामरलाही चौकट अपुरी आहे हे त्यातून कळते. उपयोगी सोय आहे. पण खोट्या भाषेत वेलांटी नसते आणि खोटी भाषा कोणाची मातृभाषा नसते. तिच्यावर भागवू नये.

मग काय हवे? मागणी फार मोठी नाही. शासन, बँक, शाळा किंवा कंपनी जेव्हा मराठीत ॲप काढते, तेव्हा त्याचे पहिले रेखाटन मराठी मजकुरावर व्हावे, उर्दूतही काढायचे असेल तर नस्तालिकवर व्हावे. कोड लिहिण्याआधी ते रेखाटन ती भाषा वाचणाऱ्या चार सामान्य माणसांना दाखवावे, त्यातली एक जण शिक्षिका असावी आणि एक लहान मूल असावे. नमुन्याच्या मजकुरात 'छत्रपती संभाजीनगर' असावे, 'दऱ्या' असावे, लांब आडनावे असावीत, मोहम्मदपासून सुरू होणारी तीन-चार शब्दांची नावे असावीत. आमच्या कित्येक मुलांची नावे फॉर्मच्या चौकटीत पुरत नाहीत, मग कागदपत्रांवर वेगवेगळी उमटतात आणि शिष्यवृत्तीच्या वेळी आईबाप दारोदार फिरतात. चौकट दोन बोटे रुंद असती तर तो हेलपाटा वाचला असता.

आणि आपल्या समाजालाही एक सांगणे आहे. संगणक म्हणजे फक्त कोडिंग, असे समजून मुलांना एकाच रांगेत उभे करू नका. ज्या मुलीचे अक्षर सुंदर आहे, जी मेंदी रेखाटते, जिला जागेचे माप डोळ्याने कळते, तिला दृश्य डिझाइनची साधने शिकवा. त्यातली बरीचशी फुकट मिळतात. विणकर, कातिब, संगसाज ही आपल्या वाडवडिलांची कामे होती. त्यांचे माग आणि दगड गेले असतील, डोळा अजून घरात आहे. त्याला पडद्यासमोर बसायला जागा मिळाली पाहिजे.

ते आमचे ॲप फार लोकांपर्यंत गेले नाही, पंधरा-वीस घरांत चालले. शाळा सुरू झाल्यावर ती शेजारची मुलगी भेटली तेव्हा मी विचारले, कसे वाटले? ती म्हणाली, "टीचर, उसमें तीर सही जगह था."